सात संस्था, एक प्रश्न: सर्वांगीण कार्यक्रमाची सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी तुमच्या भागातल्या सात संस्था, शिक्षण खातं, आरोग्य खातं आणि एक मोठा देणगीदार असे सगळे एकत्र यायला तयार आहेत. शिक्षण, पोषण, पालकांचा रोजगार, मुलींची सुरक्षितता, येण्याजाण्याची सोय अशा सगळ्या बाजूंना हात घालणारा पाच वर्षांचा कार्यक्रम तुम्ही आखताय. जाणती मंडळी सांगतात की एवढं मोठं काही तडीस जात नसतं, एका शाळेपासून सुरू करा. तुम्हाला ते पटत नाही, कारण एका शाळेपुरता सुटलेला प्रश्न शेजारच्या शाळेत तसाच राहतो. मग मोठं करावं की छोटं, आणि पहिलं पाऊल कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या कार्यक्रमांचं समन्वयाचं काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘मोठं की छोटं’ यात अडकू नका. काय मोठं ठेवायचं आणि काय छोटं, हे ठरवा. माझा अनुभव सांगतो की ध्येय पूर्ण ठेवावं: या भागातलं एकही मूल शाळेबाहेर राहणार नाही. कामं मात्र मोजकी ठेवावीत, आणि ती कोणती हे प्रस्ताव लिहिताना ठरवू नये. बहुतेक कार्यक्रमांत नेमकं याच्या उलट होतं. ध्येय मोघम असतं, ‘गळतीचं प्रमाण कमी करणे’ असं काहीतरी, आणि कामांची यादी मात्र तीन पानं भरून. सात संस्था एकत्र बसल्या की प्रत्येक जण आपलं चालू काम त्या यादीत घालतो, कोणी कोणाला नाही म्हणत नाही, आणि सगळ्यांची कामं एकाखाली एक लिहिली की त्याला ‘सर्वांगीण’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात सातही जण पूर्वी करत होते तेच करत राहतात. वाढतात त्या फक्त बैठका.

ध्येय पूर्ण ठेवून कामं मोजकी ठेवणं म्हणजे काय, हे देवी या रोगाच्या निर्मूलनाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ साली ती मोहीम तीव्र केली. तेव्हाची योजना होती की लोकसंख्येच्या किमान ८० टक्के लोकांना लस टोचायची. पण दाट वस्तीच्या भागांत एवढं लसीकरण होऊनही साथ थांबेना. त्याच सुमाराला पूर्व नायजेरियात विल्यम फेगी या अमेरिकी डॉक्टरांकडे लस अपुरी पडली, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण शोधून त्याच्या संपर्कातल्या आणि आजूबाजूच्या लोकांनाच लस द्यायला सुरुवात केली, आणि साथ आटोक्यात आली. पुढे मोहिमेचा सगळा भर याच पद्धतीवर आला. भारतात १९७३ पासून घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. कार्यकर्त्यांच्या हातात देवी झालेल्या मुलाचं चित्र असे आणि ते दाखवून ‘असं कोणाला झालंय का’ असं विचारलं जाई. निसर्गतः झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला आणि १९८० साली रोग संपल्याची घोषणा झाली. ध्येय अख्ख्या जगाचं होतं, शीतयुद्धात एकमेकांसमोर उभी ठाकलेली अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही त्यात होते, पण रोजचं काम दोनच ओळींचं होतं: रुग्ण शोधा, त्याच्याभोवती लसीचं कडं करा.

शाळाबाह्य मुलांचा प्रश्न देवीसारखा नाही, हे मला मान्य आहे. त्यावर लस नाही, कारणं पन्नास आहेत आणि दर वर्षी नवी मुलं त्यात पडतात. होर्स्ट रिट्टेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ साली अशा प्रश्नांबद्दल लिहिलं होतं की त्यांची नेमकी व्याख्याच करता येत नाही, आणि तुम्ही उपाय म्हणून काय धरता त्यावर प्रश्नाचं रूप बदलतं. पण देवीच्या मोहिमेतली एक गोष्ट इथेही जशीच्या तशी लागू पडते. टक्केवारीचा नाद सोडून एकेका माणसापर्यंत जायला लागलं की करायचं काम आपोआप पुढे येतं.

म्हणून माझ्या मते तुमचं पहिलं पाऊल म्हणजे नावांची एकच, सर्वांची मिळून यादी. भागातलं शाळेत नसलेलं प्रत्येक मूल तिच्यात नावानिशी आणि ठिकाणासह हवं, आणि ती दर महिन्याला ताजी व्हायला हवी.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण ही यादी करतानाच पहिलं खरं भांडण होतं, आणि ते व्हायला हवं. मूल शाळेत नाही असं कधी म्हणायचं? शाळेच्या पटावर नाव असेल तर शाळा म्हणते की मूल आमचंच आहे. संस्थेचा कार्यकर्ता म्हणतो, महिनाभर मी त्याला वीटभट्टीवर बघतोय. पटसंख्येवर शिक्षकांची पदं अवलंबून असतील तर मुख्याध्यापक नाव कमी करायला धजत नाहीत. संस्थेला ‘परत आणलेली मुलं’ दाखवायची असतील तर तिला आकडा फुगलेला बरा वाटतो. कोणी खोटं बोलत नसतं, प्रत्येकाचं मोजमाप त्याच्या गरजेतून आलेलं असतं. सलग अमुक दिवस हजेरी नसेल तर नाव यादीत येईल आणि सलग अमुक दिवस हजेरी लागली तरच ते बाहेर जाईल, असा एक नियम सगळ्यांनी सही करून मान्य करेपर्यंत पुढे जाऊ नका. यात दोन-तीन महिने गेले तरी ते वाया गेले असं समजू नका. देणगीदाराला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या तिमाहीच्या अहवालात ‘प्रगती’ काय लिहायची म्हणून घाई सुरू होते.

आता अशी यादी समोर ठेवून बैठक कशी चालते ते सांगते. यादीत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी. शाळेची नोंद: सतत गैरहजर, गृहभेट दिली, दार बंद. आरोग्य सेविका म्हणते, तिच्या आईची प्रसूती झाली आणि ती अजून सावरलेली नाही, घरात अडीच वर्षांचा भाऊ आहे. शिष्यवृत्ती देणारी संस्था म्हणते, मुलगी हजर नसल्यामुळे आमच्या नियमात बसत नाही. समुपदेशनवाले म्हणतात, पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून देऊ. तोवर गप्प बसलेली वस्तीतली एक बाई म्हणते, पाळणाघर दुपारी एकला बंद होतं आणि शाळा सुटते पाचला, मधल्या वेळात त्या पोराला बघणार कोण? पुढची नावं बघत गेलं की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ‘मुलींच्या शिक्षणाबाबत उदासीनता’ असं ज्याचं वर्णन प्रस्तावात केलेलं असतं, त्यातला मोठा भाग पाळणाघराच्या वेळेत सापडतो.

सर्वांगीण विचार म्हणजे मला हा वाटतो. त्या टेबलाशी आरोग्य, शिक्षण, पालक आणि वस्ती एकत्र नसती तर ही गोष्ट कोणाच्याच कागदावर आली नसती. आणि त्यातून निघालेलं काम एवढंच होतं की पाळणाघराची वेळ वाढवायची. त्यासाठी नवा प्रकल्प, नवं नाव, नवा फलक यातलं काहीच लागत नाही.

मात्र ते एवढंसं कामही सहज होत नाही. वेळ वाढवायची तर तिथल्या सेविकांना चार तास जास्त थांबावं लागतं, त्यांचं मानधन वाढायला हवं. पैसा कुठून येणार? समुपदेशनाच्या शिबिरांसाठी राखलेल्या निधीतून. म्हणजे एका भागीदाराचं काम कमी होणार. सहकार्याची कसोटी इथे लागते. सामंजस्य करारावर सह्या करताना सगळे हसतमुख असतात. ज्या दिवशी एक संस्था स्वतःच्या हातातला पैसा, कार्यक्षेत्र किंवा श्रेय दुसऱ्यासाठी सोडते, त्या दिवसापासून ती भागीदारी मी खरी धरते. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक संस्थेला एकेकटं भेटून विचारा: यादीतून असं निघालं की तुमच्या कामाची इथे गरज नाही, तर तुम्ही काय कराल? उत्तर टाळणारा भागीदार वाईट असतो असं नाही, पण तो किती पुढे येईल याचा अंदाज तुम्हाला येतो.

तुम्ही लिहिलंय की समन्वयाची जबाबदारी सातही संस्थांनी आळीपाळीने घ्यायची ठरलंय. हे मात्र करू नका. २०११ मध्ये जॉन कानिया आणि मार्क क्रेमर या अमेरिकी सल्लागारांनी अशा सामूहिक कामाची पाच सूत्रं मांडली होती: समान उद्दिष्ट, समान मोजमाप, एकमेकांना पूरक कामं, सततचा संवाद आणि या सगळ्याला आधार देणारी स्वतंत्र समन्वय यंत्रणा. पहिल्या चारांवर सगळ्यांचं चटकन एकमत होतं आणि पाचव्यावर गाडं अडतं, कारण त्याला पगार लागतात आणि देणगीदारांना पगार ‘प्रशासकीय खर्च’ वाटतात. निदान दोन पूर्णवेळ माणसं हवीत: एक यादी आणि आकडे सांभाळणारं, दुसरं बैठकींच्या मधल्या काळात फोन करणारं, भेटणारं, अडलेलं सोडवणारं. ही माणसं ज्या संस्थेच्या छताखाली बसतील ती बाकीच्यांशी त्याच निधीसाठी स्पर्धा करणारी नको. आळीपाळीच्या समन्वयात आधीच्या बैठकीत काय ठरलं हेच कोणाला आठवत नाही.

या पाच सूत्रांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. ज्यांचा प्रश्न आहे तीच माणसं निर्णयाच्या जागी नव्हती. तुमच्या आराखड्यात पालक ‘लाभार्थी’ म्हणून आलेत, बैठकीला बसणारे म्हणून कुठेच नाहीत. पालकांना बसवायचं तर बैठक संध्याकाळी घ्या, त्यांचा बुडालेला रोज आणि प्रवासखर्च द्या, इतिवृत्त त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवा. एकच पालक प्रतिनिधी ठेवू नका, एकटा माणूस साहेबांसमोर बोलत नाही. तीन-चार तरी असू द्या. पाळणाघराची वेळ सांगणारी ती बाई तिथे नसती तर आम्ही शिबिरंच घेत बसलो असतो.

यादीबद्दल एक काळजी घ्याच. मुलांची नावं, घरची आजारपणं, कर्जं, भांडणं असं सगळं तिच्यात येतं. पालकांची संमती घ्या. कोणाला काय दिसेल हे ठरवा: शिक्षकाला आईच्या आजाराचा तपशील लागत नाही, ‘घरी आधाराची गरज’ एवढं पुरे. यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फिरता कामा नये. बालमजुरीची कारवाई करणाऱ्या खात्याच्या हाती ती गेली आणि पालकांवर थेट छापे पडले, तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

आता दुसरी बाजू. एकेका नावाच्या मागे लागून मुलं परत येतात, पण नव्या गळतीचं दार उघडं राहिलं तर तुम्ही जन्मभर मुलं परतच आणत राहाल. व्यवस्था बदलण्याची जिद्द इथे लागते, आणि ‘छोटं करा’ म्हणणाऱ्यांशी माझा खरा मतभेद इथे आहे. फिनलंडमधल्या बेघरांच्या प्रश्नाकडे बघा. २००८ साली त्यांनी दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या २०११ पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलं. केंद्र सरकार, मोठी शहरं आणि संस्था एका करारात आल्या. धोरण असं की आधी भाडेकराराचं स्वतःचं घर, मग व्यसनमुक्ती, उपचार, नोकरी जे काही लागेल ते. त्यासाठी तात्पुरत्या निवाऱ्यांचं रूपांतर स्वतंत्र घरांत केलं. हेलसिंकीत १९८५ साली निवाऱ्यांत दोन हजारांहून जास्त खाटा होत्या, २०१६ पर्यंत त्यातल्या शंभरही उरल्या नाहीत. परतीची वाटच त्यांनी बंद करून टाकली. ठरलेल्या मुदतीत संख्या निम्मी झाली नाही, चतुर्थांशाहून थोडी जास्त घटली, तरी त्यांनी काम सोडलं नाही, पुढचा टप्पा आखला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अठरा-वीस हजारांच्या घरात असलेला बेघरांचा आकडा २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या खाली होता. २०२४ मध्ये तो पुन्हा वाढला. तेव्हा एकदा बदललेली व्यवस्था तशीच टिकेल असंही गृहीत धरू नका.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की महिन्याची बैठक नावांची आणि तिमाहीची बैठक नियमांची ठेवा. तीन महिन्यांत जे कारण वारंवार आलं ते निर्णय घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे न्यायचं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडतो, प्राथमिक शाळेनंतरची शाळा चालत जाण्याच्या टप्प्यात नाही, कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या मुलाचं नाव नव्या गावच्या पटावर चढत नाही, अशी ही कारणं असतात. एका तिमाहीत एकच नियम हातात घ्या. निर्णय लेखी घ्या, आणि त्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या माणसालाही पहिल्या दिवसापासून बैठकीला बोलवा, कारण साहेबांची बदली होणार हे धरूनच चालायचं असतं.

परिणाम मोजण्याची सोयही पहिल्या दिवशीच करा. २००५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या अनेक देशांत मिलेनियम व्हिलेजेस हा प्रकल्प सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण, पाणी, रस्ते असं सगळं एकाच वेळी, म्हणजे तुमच्या आराखड्यासारखंच. दहा वर्षं चालला. पण तुलनेसाठी गावं सुरुवातीलाच निवडलेली नव्हती, त्यामुळे झालेली सुधारणा प्रकल्पामुळे किती आणि त्या काळात एकूणच होत होती ती किती, यावर वाद झाला. याउलट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. गावातल्याच बायकांना शिकवून बाळाचं वजन, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गाची लक्षणं आणि इंजेक्शन एवढी ठरावीक कामं दिली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवता आलं, आणि म्हणूनच ती पद्धत पुढे सरकारी धोरणात जाऊ शकली. तुम्हाला एवढा काटेकोर प्रयोग जमेलच असं नाही. पण सगळीकडे एकदम सुरू न करता अर्ध्या भागात या वर्षी आणि उरलेल्या भागात पुढच्या वर्षी असं केलं तरी तुलना हाती राहते. यादी मात्र पहिल्या वर्षापासून दोन्हीकडे ठेवा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. सरकारी खातं मनापासून सोबत नसेल तर नियम बदलण्याचा भाग तूर्त बाजूला ठेवा आणि यादी भक्कम करा. तिच्यातले आकडे बोलू लागले की खातं येतं. तुमचा भाग फार मोठा असेल तर ध्येय पूर्ण ठेवून भूभाग लहान करा. एका वॉर्डातलं किंवा एका केंद्रातलं प्रत्येक मूल, असं धरा. ‘एका शाळेपासून सुरू करा’ या सल्ल्यात आणि यात फरक आहे, कारण शाळेत न आलेलं मूल शाळेच्या हिशेबातच नसतं. भूभाग धरला की ते निसटत नाही. आणि यादी केल्यावर असं दिसलं की निम्मी मुलं एकाच कारणाने गळतात, समजा नदीवर पूल नाही, तर सात संस्थांची आघाडी लागत नाही. पूल बांधून घेण्यासाठी सगळं बळ लावा आणि बाकीचं थांबवा.

पैशाबद्दल: पाच वर्षांचा सगळा निधी कामांच्या शीर्षकांत बांधून घेऊ नका. देणगीदाराला सांगा की पहिल्या वर्षी समन्वय आणि यादी, आणि पुढच्या निधीचा मोठा भाग मोकळा, यादी सांगेल त्या कामासाठी. काही देणगीदार बिचकतील. त्यांना अमेरिकेतल्या ‘कम्युनिटी सोल्यूशन्स’चं उदाहरण द्या. बेघरांची नावनिशीवार यादी ठेवून शहरांबरोबर काम करणारी ही संस्था. २०१० ते २०१४ त्यांनी एक लाख घरांची मोहीम चालवली, मग ‘बिल्ट फॉर झीरो’ सुरू केलं, आणि २०२१ मध्ये त्यांना मॅकआर्थर फाउंडेशनचं १० कोटी डॉलरचं अनुदान मिळालं. आधी पद्धत बसली, मोठा पैसा नंतर आला. तुमच्याकडे पैसा आधी आलाय, तेव्हा तो पद्धत बसण्याआधीच खर्च होऊ नये याची काळजी तुम्हाला जास्त घ्यावी लागेल.

तुमचा आराखडा फाडून टाका असं मी म्हणत नाही. त्यातलं उद्दिष्टाचं पान ठेवा, ‘कमी करणे’ काढून ‘एकही नाही’ लिहा आणि भूभाग नेमका करा. कामांची तीन पानं सध्या बाजूला ठेवा. मग सातही संस्थांना दोन प्रश्न लेखी विचारा: मूल शाळेबाहेर आहे हे तुम्ही आज कसं ठरवता, आणि सामाईक यादीसाठी तुमच्याकडची माहिती द्यायला तयार आहात का? उत्तरं आली की नावं काढून इथे लिहा. कोणाच्या व्याख्या कुठे जुळत नाहीत ते दिसलं की नियम कसा बसवायचा यावर बोलता येईल.